अर्थिंगचा खड्डा एकदा मोजून घ्या

(हरसूल येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत बचत गटांच्या सदस्यांसमोर झालेले भाषण, सख्यांच्या आग्रहावरून इथे देत आहोत.)



आपल्या सभेत हप्ता, व्याज, पापडाची ऑर्डर, खताचं वाटप यावर बोलणं होतं. आज मी जमिनीखाली पुरलेल्या एका वस्तूबद्दल बोलणार आहे. ती दिसत नाही, म्हणून तिची आठवणही कुणाला राहत नाही. ती म्हणजे अर्थिंग. मी वायरिंगची कामं करते, त्यामुळे पाड्यापाड्यांवर जाणं होतं. जिथे जाते तिथे एक प्रश्न विचारते, तो तुम्हालाही विचारते. गिरणीला, फ्रिजला, पाण्याच्या मोटारीला किंवा मिक्सरला हात लावल्यावर कुणाकुणाला झिणझिण्या येतात? हात वर करा बघू.

बघा, निम्म्याहून जास्त हात वर आले. आता पुढचा प्रश्न. झिणझिण्या आल्या तर तुम्ही काय करता? कुणी म्हणते चप्पल घालते, कुणी गोणपाटावर उभी राहते, कुणी म्हणते "सवय झाली." चप्पल कोरडी असते तोवर थोडा आधार होतो. पण आपल्याकडे मृग लागला की आश्विनापर्यंत काय कोरडं राहतं? ओटा ओला, पाय ओले, सारवलेली जमीन ओली, चप्पल तर चिखलात भिजलेली. आणि सवय आपल्याला होते, विजेला होत नाही. झिणझिण्या म्हणजे विजेने दिलेला निरोप असतो की, मी बाहेर आले आहे, मला वाट मिळालेली नाही, आता तुझ्यातून जाते.

वीज कुठून येते, कुठे जाते

आधी वाट समजून घेऊ. गावातल्या डीपीवरून आपल्या घरी दोन तारा येतात. एक फेज, एक न्यूट्रल. फेजमधून वीज येते, दिवा किंवा मोटार चालवते आणि न्यूट्रलमधून डीपीकडे परत जाते. डीपीजवळ हीच न्यूट्रल जमिनीतही पुरलेली असते. म्हणून जमिनीतूनही विजेला घरी जायची वाट असते. फेजची तार मोटारीच्या आत कुठे सोलली गेली, उंदराने कुरतडली, ओल धरली, तर वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर येते. तिथून जमिनीत जायला ती वाट शोधते. त्या वेळी तुम्ही एक हात गिरणीवर ठेवून ओल्या जमिनीवर उभ्या असाल, तर ती वाट तुमच्या अंगातून जाते. हातातून आत, छातीवरून, पायातून बाहेर.

अर्थिंग म्हणजे विजेला तुमच्यापेक्षा सोपी वाट करून देणं. गिरणीच्या लोखंडी अंगापासून एक तार निघते, हिरव्या रंगाची. ती बोर्डातून बाहेर जाते आणि जमिनीत पुरलेल्या पाईपला, पट्टीला किंवा प्लेटला जोडलेली असते. नळाचं पाणी जसं मोठ्या पाईपातून जास्त जातं आणि केसासारख्या नळीतून थेंब थेंब, तसंच विजेचं आहे. त्या वाटेतला अडथळा ओहम या मापात मोजतात. ओहम कमी म्हणजे वाट मोकळी. ओहम जास्त म्हणजे वाट अडलेली.

थोडा हिशोब करू

हिशोबाला तुम्ही घाबरत नाही हे मला माहीत आहे. अंतर्गत कर्जाचं व्याज तोंडी सांगणाऱ्या बायका तुम्ही. हा त्याहून सोपा आहे.

घरातली वीज २३० व्होल्टची. २३० ला अडथळ्याच्या ओहमने भागलं की किती अँपिअर वीज वाहील ते मिळतं.

समजा अर्थिंग चांगलं आहे आणि सगळ्या वाटेचा अडथळा ५ ओहम आहे. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर. गिरणीला १६ अँपिअरचा एमसीबी असेल तर ४६ अँपिअर त्याला झेपत नाहीत. थोड्या वेळातच तो पडतो. गिरणी बंद, वीज बंद, बाई सुखरूप.

आता समजा अर्थिंग नावाला आहे आणि अडथळा १०० ओहम आहे. २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. एमसीबीला वाटतं कुणीतरी इस्त्री लावली आहे. तो पडत नाही, आज नाही आणि उद्याही नाही. गिरणीच्या अंगावर जवळजवळ सगळी वीज तशीच बसून राहते, हात लागण्याची वाट बघत. वर मीटरही फिरत राहतं. २३० व्होल्ट गुणिले २.३ अँपिअर म्हणजे सुमारे ५३० वॅट. मेन चालू राहिला तर २४ तासांत १२ युनिटांपेक्षा जास्त वीज जमिनीत जाते आणि तिचं बिल गटाच्या वहीत येतं.

आता माणसाचं. अंग ओलं असताना हातापासून पायापर्यंतचा अडथळा साधारण १००० ओहम धरतात. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलीअँपिअर. १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. "चिकटली" असं आपण म्हणतो ते हेच. ३० मिलीअँपिअरच्या पुढे वीज अंगातून वाहत राहिली तर जिवाला धोका. आणि इथे आहेत २३०.

म्हणून नुसत्या एमसीबीवर विसंबून चालत नाही. एमसीबी तारेला वाचवतो. माणसाला वाचवायला दुसरं यंत्र लागतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. ते एकच काम करतं. फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली का, हे सतत तपासतं. आपण बाजारातून आल्यावर पिशवीतले पैसे मोजतो तसं. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतं. वरच्या १०० ओहमच्या वाईट अर्थिंगवर एमसीबी गप्प बसला होता. आरसीसीबी असता तर त्याला २.३ अँपिअर म्हणजे २३०० मिलीअँपिअरचा फरक दिसला असता आणि तो लगेच पडला असता.

मग कुणी विचारेल, आरसीसीबी बसवला तर खड्डा कशाला? कारण खड्डा नसेल तर बिघाड झाल्यावर वीज बाहेर जाणारच नाही, ती गिरणीच्या अंगावर थांबेल. आरसीसीबीला फरक दिसणार नाही. तो पहिल्यांदा दिसेल तो कुणीतरी हात लावल्यावर. म्हणजे तपासणी तुमच्या अंगावर होईल. अर्थिंग असेल तर तपासणी जमिनीत होते. म्हणून दोन्ही हवेत, आणि एमसीबीही हवाच.

चांगला खड्डा म्हणजे काय

आपल्या देशात अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे, क्रमांक ३०४३. त्यातली दोन-चार मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पाईपचं अर्थिंग असेल तर जीआय पाईप किमान ४० मिलिमीटर व्यासाचा, दुकानात दीड इंची म्हणतात तो, आणि किमान अडीच मीटर लांब. म्हणजे आठ फुटांहून थोडा जास्त.

प्लेटचं असेल तर प्लेट किमान ६० बाय ६० सेंटिमीटर, दोन फूट बाय दोन फूट. ती खड्ड्यात उभी पुरायची आणि तिची वरची कड जमिनीपासून किमान दीड मीटर, म्हणजे पाच फूट खाली गेली पाहिजे.

खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर लांब हवा. वर झाकण हवं, आत बघता आलं पाहिजे आणि उन्हाळ्यात पाणी ओतता आलं पाहिजे.

तीन फेजवर चालणारी गिरणी किंवा मोटार असेल, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे तिच्या लोखंडी अंगाला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून अर्थ जोडावा लागतो, आणि ग्राहकाचं स्वतःचं वेगळं अर्थिंग लागतं. एक जोड गंजला तर दुसरा कामाला यावा म्हणून. गटाने पिठाची मोठी गिरणी किंवा भात सडायचं यंत्र घेतलं असेल, तर घरी गेल्यावर तिला हिरव्या तारा किती आहेत ते मोजा.

मीठ आणि कोळसा कशाला घालतात? मीठ ओलाव्यात विरघळून मातीतला अडथळा कमी करतं, कोळसा ओल धरून ठेवतो. पण मीठ-कोळसा म्हणजे भाजीतला मसाला. भाजीच नसेल तर मसाल्याने पोट भरत नाही. पाईप तीन फुटांचा असेल तर दोन गोणी मीठ ओतूनही उपयोग नाही. शिवाय आपल्याकडच्या पावसात मीठ वाहून जातं, आणि मिठाने जीआय पाईप लवकर गंजतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी खड्डा उघडून बघायला हवा. हल्ली मिठाऐवजी बेंटोनाइट नावाची फुगणारी माती वापरतात. ती ओल धरते आणि पाईप लवकर खात नाही.

आपला कातळ

आता आपली खरी अडचण. हरसूलच्या आसपास कुठेही पहार मारा. वर फूटभर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. खाचरात तेवढी माती खोल असते. पाड्यावर, माळावर, घराशेजारी आठ फूट पाईप जातच नाही. मग काय होतं ते मी सांगते. तीन फुटांवर कातळ लागतो, दुपार झालेली असते, काम करणारा थकलेला असतो. करवतीने पाईप कापला जातो. वरून मीठ, कोळसा, माती, झाकण. वरून बघणाऱ्याला चांगला आणि वाईट खड्डा अगदी सारखाच दिसतो.

एका पाड्यावर गटाची गिरणी होती. नागली दळायची, पापडाचं पीठ करायचं. गिरणीला झिणझिण्या येत. बायका म्हणायच्या, "अर्थिंग आहे की, बिलातही लिहिलंय." खड्डा उकरला तेव्हा पाईप माझ्या कमरेलाही लागला नाही. कातळावर टेकवलेला, खाली पांढरं मीठ. गटाने कर्ज काढून गिरणी घेतली होती, हप्ते वेळेवर जात होते. पण त्या गिरणीवर रोज पीठ दळायला बसणाऱ्या दोघींच्या जिवाचा विमा म्हणजे तो तीन फुटांचा पाईप होता. त्या दोघी आज ठीक आहेत. पुढच्या पावसाआधी काम नीट झालं.

कातळ लागला तर काय करायचं? उभं जाता येत नसेल तर आडवं जायचं. दीड फुटाहून थोडा खोल चर खणायचा आणि त्यात जीआय पट्टी आडवी पुरायची. मानकाप्रमाणे चर किमान अर्धा मीटर खोल आणि पट्टी किमान १५ मीटर, म्हणजे जवळजवळ ५० फूट लांब. आपल्याकडे चर खणायची सवय आहेच, समतल चर आपण रोजगार हमीवर खणलेत. पट्टी परसबागेतून, केळीच्या आळ्याजवळून, जिथे माती जास्त आहे आणि ओल टिकते अशा बाजूने न्यायची. चर उकरलेल्या मुरमाने न भरता चाळलेल्या मातीने भरायचा.

दुसरा उपाय, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी पाईप पुरायचे आणि ते एकमेकांना पट्टीने जोडायचे. पण दोन पाईप शेजारी-शेजारी पुरले तर फायदा कमी, कारण दोघांची वीज एकाच मातीत शिरते. दोघांत पाईपच्या लांबीच्या दुप्पट तरी अंतर ठेवायचं. पाईप अडीच मीटरचा असेल तर पाच मीटर.

नवं घरकुल बांधताय? मग आत्ताच

तिसरा उपाय नव्या बांधकामासाठी आहे, आणि शबरी किंवा पंतप्रधान आवासमधून ज्यांची घरकुलं मंजूर झाली आहेत त्यांनी तो नीट ऐका.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ॲरिझोना नावाच्या कोरड्या, दगडी प्रांतात सैन्याची दारूगोळ्याची कोठारं होती. तिथे जमीन इतकी कोरडी की पुरलेल्या सळ्यांनी चांगलं अर्थिंग होईना. हर्बर्ट उफर नावाच्या इंजिनिअरने पायाच्या काँक्रीटमध्येच लोखंड घालून त्यालाच अर्थिंग केलं. पुढे अनेक वर्षं मोजून बघितलं तरी ते चांगलं निघालं. कारण काँक्रीट जमिनीतली ओल ओढून धरतं आणि पायाची जमीन घरभर पसरलेली असते. त्याच्या नावावरून त्या पद्धतीला तिकडे उफर म्हणतात, आणि अमेरिकेतल्या नियमांमध्ये त्यासाठी पायातली किमान २० फूट सळई धरतात.

आपल्या कातळाच्या भागात ही पद्धत उपयोगी आहे. पायाचं काँक्रीट जमिनीला टेकलेलं असेल, मध्ये प्लास्टिकचा कागद नसेल, तर काँक्रीट ओतण्याआधी पायाच्या सळ्या एकमेकींना घट्ट जोडून त्यांतून एक जीआय पट्टी वर काढून ठेवायची, जिथे मीटरचा बोर्ड येणार त्या बाजूला. हे काम परवाना असलेल्या वीज ठेकेदाराला विचारून करायचं. काँक्रीट ओतण्याआधी ते तासाभराचं आहे. ओतल्यानंतर ते होतच नाही. म्हणून गवंडी यायच्या आधी वायरमनला बोलवा. आपल्याकडे उलटं होतं, वायरमन रंगकामाच्या वेळी येतो.

पाया नुसत्या दगडाचा असेल तर ही पद्धत चालणार नाही. तिथे पट्टीचा चरच करावा.

फसवणाऱ्या तपासण्या

आपल्याकडे वायरमन एक तपासणी करून दाखवतात. फेज आणि अर्थ यांच्यात शंभरचा बल्ब लावतात. बल्ब लागला की म्हणतात, "झालं, अर्थिंग पास." तायांनो, हे पुरेसं नाही. शंभरच्या बल्बचा स्वतःचा अडथळाच ५०० ओहमच्या वर असतो. अर्थिंग १०० ओहमचं वाईट असलं तरी बल्ब लागतो, फक्त थोडा मंद, डोळ्याला चटकन कळत नाही. बल्ब एवढंच सांगतो की तार कुठेतरी जमिनीला लागली आहे. किती चांगली लागली आहे ते सांगत नाही. आणि ही तपासणी स्वतः घरी करून बघू नका, चुकून हात लागला तर फेजचीच तार हातात असते.

खरी तपासणी अर्थ टेस्टर नावाच्या यंत्राने होते. वायरमन खड्ड्यापासून दूर दोन खुंट्या जमिनीत मारतो, तारा जोडतो आणि यंत्रावर ओहमचा आकडा दिसतो. घरगुती कामात तो ५ च्या आत आणायचा प्रयत्न करतात. कातळात तेवढा येणं कठीण असतं, पण जितका कमी तितका चांगला, आणि आकडा मोठा असेल तिथे आरसीसीबीशिवाय एक दिवसही गिरणी चालवू नये.

ही तपासणी कधी करायची? वैशाखात. श्रावणात मोजलं तर आपल्याकडचा प्रत्येक खड्डा पास होईल, तीन फुटांचाही, कारण जमीनच पाण्याने भरलेली असते. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळलेली असताना जो आकडा येतो तो खरा.

हे करू नका

एक. अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये जोडून "अर्थिंग झालं" म्हणणारे भेटतात. ते चालू देऊ नका. पावसात न्यूट्रलची तार तुटली की तुमच्या फ्रिजच्या अंगावर थेट फेज येतो.

दोन. हिरवी तार हातपंपाला किंवा नळाच्या पाईपला बांधू नका. घरात बिघाड झाला तर वीज हातपंपावर येईल, आणि तिथे हंडा घेऊन ओल्या पायाने कोण उभं असतं ते सांगायला नको. शिवाय आता नळाचे पाईप बहुतेक प्लास्टिकचे आहेत, त्यातून अर्थिंग होतही नाही.

तीन. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको. वायर पत्र्याला घासते, पत्र्यावर वीज येते, पत्र्याला बांधलेल्या तारेवर येते आणि ओला कपडा टाकणाऱ्या बाईच्या हातात येते. नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याच्या घरात वायर पत्र्यावरून नेताना प्लास्टिकच्या पाईपातूनच न्या, आणि पत्र्यालाही अर्थ जोडून घ्या.

चार. तीन पिनच्या प्लगची जाड पिन कापू नका, दोन पिनच्या जोडणीत घुसवू नका. ती पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली असते, म्हणजे प्लग आत जाताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. एक्स्टेन्शन बोर्ड घेताना त्यात तीन तारा आहेत का ते विचारा. दोनच असतील तर तिसरं भोक शोभेचं आहे.

पाच. घराचं अर्थिंग म्हणजे आकाशातल्या विजेपासून संरक्षण असं समजू नका. त्यासाठी वीजरोधक वेगळा लागतो आणि त्याचा खड्डाही वेगळा. शेतात सौर पंप बसवला असेल तर त्याच्या खांबाजवळचे खड्डे बघून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने दामिनी नावाचं ॲप काढलं आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता ते मोबाईलवर सांगतं. गटातल्या दोघी-तिघींच्या फोनमध्ये ते असू द्या. भात लावणीच्या वेळी उपयोगी पडेल.

कुणी चिकटली तर

हात लावू नका, ओढू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने तार बाजूला करा, स्वतः कोरड्या जागी उभं राहून. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात आणि भराभर दाब देत राहा, गाडी येईपर्यंत. तार तुटून जमिनीवर पडली असेल तर जवळ जाऊ नका, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

आता काय करायचं

मला माहीत आहे, तुमच्यातली कुणीतरी मनात म्हणत असेल, "हे वायरमनचं काम, आम्हाला काय कळतं?" खड्डा खणणं आणि तार जोडणं परवानावाल्याचंच काम आहे, ते त्यानेच करावं. पण मोजणं तुमचं काम आहे. ज्या बाया पापडाच्या किलोत किती पापड बसतात हे डोळे मिटून सांगतात, त्यांना आठ फूट मोजता येत नाहीत असं मी मानत नाही.

म्हणून चार गोष्टी ठरवू.

पहिली, पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने इतिवृत्ताच्या वहीत एक पान अर्थिंगसाठी काढावं. गटाची गिरणी, पापडाचं शेड, कुणाच्या घरी काय आहे, खड्डा कधी केला, पाईप किती फूट, पट्टी किती फूट, शेवटचा ओहमचा आकडा किती, आणि तो कोणत्या महिन्यात घेतला.

दुसरी, नवीन काम होत असेल तर पाईप पुरायच्या आधी गटातल्या दोघींनी टेपने मोजून मोबाईलवर फोटो काढावा. पट्टीचा चर भरायच्या आधीही फोटो. बिल त्यानंतरच मंजूर. यात कुणावर अविश्वास नाही. पैसे मोजून घेताना आपण कुठे कुणावर अविश्वास दाखवतो?

तिसरी, आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, त्यावर इंग्रजी टी लिहिलेलं. ते दाबलं की वीज जायला हवी. गेली नाही तर यंत्र बिघडलं आहे. महिन्याच्या हप्त्याच्या दिवशी हे बटण दाबायचं. हप्ता विसरत नाही, तसं हेही विसरायचं नाही.

चौथी, गिरणी किंवा यंत्रासाठी कर्जाचा प्रस्ताव करताना अर्थिंग, आरसीसीबी आणि तपासणी यांचा खर्च त्याच प्रस्तावात धरा. तीन ठिकाणचे दर घ्या. मागून पैसे उरत नाहीत, हे आपण सगळ्या जाणतो. अंगणवाडी आणि शाळेच्या खड्ड्यांबद्दल ग्रामसभेत विचारा. आपण पेसा क्षेत्रात राहतो, अबंध निधीतून अंगणवाडी-शाळेच्या सोयींची मागणी ग्रामसभेला ठेवता येते. तिथे मुलं पाण्याच्या फिल्टरला हात लावतात, अनवाणी.

आता कुणाकुणाच्या खड्ड्याला झाकण आहे ते मला माहीत नाही, पण वैशाख लांब नाही. तेव्हा मी अर्थ टेस्टर घेऊन पाड्यापाड्यांवर येणार आहे. ज्या गटांना मोजून हवं त्यांनी आज जाताना प्रभागसंघाच्या वहीत नाव लिहावं. मी यायच्या आधी एकच काम करून ठेवा. खड्डा कुठे आहे ते शोधून ठेवा. अर्धा वेळ मला तोच शोधण्यात जातो.

प्रश्न असतील तर चहा पिता पिता विचारा, मी इथेच आहे.